तिरप्या उजेडातली सही

नकली घड्याळांचा व्यापार मनगटी घड्याळाहून जुना आहे. अठराव्या शतकात घड्याळ खिशात असे आणि लंडनच्या कारागिरांच्या नावाला युरोपभर मान होता. साहजिकच, तबकडीवर ‘लंडन’ मिरवणारी, पण लंडनशी काडीचाही संबंध नसलेली घड्याळे बाजारात आली. संग्राहक त्यांना ‘डच नकला’ म्हणतात. प्रत्यक्षात त्यांतील बरीच जिनिव्हा परिसरात घडलेली असावीत.

त्यांची खरी ओळख पटते ती झाकण उघडल्यावर. आतल्या डोलचक्रावर एक नक्षीदार पट्टी असते. इंग्रज कारागीर ती एकाच बाजूला स्क्रूने बसवीत. युरोपच्या मुख्य भूमीवर ती पुलासारखी दोन्ही टोकांना टेकवण्याची रीत होती. नाव उसने घेता आले, हाताची सवय मात्र लपली नाही.

पॅरिसच्या अब्राहम-लुई ब्रेगे (१७४७–१८२३) यांच्यापुढचा पेच अधिक बिकट होता. त्यांचा जन्म स्वित्झर्लंडमधील न्यूशातेलचा, आणि त्यांच्या नकला करणारेही बहुतांशी त्याच परंपरेतले. घडणीच्या सवयीवरून चोर ओळखणे इथे कठीण होते.

राज्यक्रांतीच्या धामधुमीत १७९३ मध्ये ब्रेगे यांना पॅरिस सोडावे लागले. १७९५ मध्ये ते परतले आणि त्याच सुमारास त्यांनी ‘गुप्त सही’ वापरात आणली. पांढऱ्या मिन्याच्या तबकडीवर, बाराच्या आकड्याखाली, पँटोग्राफ या यंत्राच्या साहाय्याने नाव इतके बारीक ओरखडले जाई की समोरून पाहता तबकडी कोरी भासे. घड्याळ उजेडात तिरपे धरले की अक्षरे उमटत. युक्ती मोठी देखणी होती.

तरीही तिच्याहून भक्कम पुरावा होता तो दप्तरातल्या वह्यांचा. प्रत्येक घड्याळाला क्रमांक असे आणि विक्रीची नोंद होई. इजिप्तच्या मोहिमेवर निघण्यापूर्वी, एप्रिल १७९८ मध्ये, नेपोलियनने केलेली तीन वस्तूंची खरेदीही तिथे सापडते. नकलाकार वाटेल तो क्रमांक कोरू शके. पण त्या क्रमांकापुढे पॅरिसच्या वहीत कोणत्या घड्याळाचे वर्णन आहे, हे त्याला कसे कळणार? साध्या घड्याळावरचा क्रमांक वहीत ठोके देणाऱ्या घड्याळाचा निघाला, की चोरी उघडी पडे. त्या वह्या आजही जपलेल्या आहेत, आणि जुन्या ब्रेगे घड्याळाची शहानिशा करताना त्या अजूनही चाळल्या जातात.