ब्रिटिशकालीन नोटा आणि संग्राहक

हिंदुस्थानातील सरकारी कागदी चलनाचा प्रारंभ १८६१च्या कागदी चलन कायद्याने झाला. त्यापूर्वी बंगाल, मुंबई व मद्रास येथील इलाखा बँका नोटा काढीत. तो अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला. व्हिक्टोरिया राणीचे चित्र असलेल्या पहिल्या नोटांची नक्कल होऊ लागल्याने १८६७ मध्ये त्या जाऊन नव्या धाटणीच्या नोटा आल्या. त्याही एकाच बाजूस छापलेल्या होत्या. साहजिकच राणीच्या चित्राची अखंड नोट आज अत्यंत दुर्मीळ मानली जाते.

येथे ‘अखंड’ हा शब्द महत्त्वाचा आहे. टपालाने रक्कम पाठविताना व्यापारी नोट मधोमध कापीत. एक अर्धुक आधी रवाना होई आणि ते पोहोचल्याचे कळल्यावर दुसरे. वाटेत चोरी झाली तरी चोराच्या हाती निरुपयोगी कागदच पडे. त्यामुळे जोडलेली नोट अनेकांना सदोष वाटत असली, तरी त्या काळच्या व्यवहाराची साक्ष तीच अधिक चांगली देते. तिचा जोड लपविण्यासाठी नोट धुऊन, इस्त्री करून विकण्याचा प्रकार मात्र निषेधार्हच होय. त्याने कागदाचा पोत जातो आणि नोटेचे मोलही.

नोटेवरील गावाचे नावही संग्राहक बारकाईने पाहतात. मुंबई, कलकत्ता, मद्रास, लाहोर, कानपूर, कराची, रंगून अशी चलन-परिमंडळे होती आणि नोट आपल्या परिमंडळातच कायदेशीर चलन असे. बाहेर ती खपवायची तर सराफाला बट्टा द्यावा लागे. पाच रुपयांच्या नोटेवरील हे बंधन १९०३ मध्ये ब्रह्मदेश वगळता अन्यत्र उठले. १९११ पर्यंत शंभराच्या नोटेलाही ती मोकळीक मिळाली. एकाच किमतीची नोट परिमंडळानुसार कमी-अधिक भावाने विकली जाते, ती यामुळे.

पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली आणि ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची नोट निघाली. तिच्यावर पंचम जॉर्जच्या नाण्याचे चित्र होते. चांदीच्या नाण्याऐवजी त्याचे चित्र हाती ठेवण्याचा हा प्रकार गमतीचाच! पाठोपाठ अडीच रुपयांची नोट आली. १ जानेवारी १९२६ पासून या दोन्ही नोटा काढणे बंद झाले. एक रुपयाची नोट पुढे १९४० मध्ये परतली, अडीच रुपयांची मात्र कधीच नाही. म्हणूनच तिला मागणी मोठी आहे.

नोटांची छपाई आधी इंग्लंडमध्ये होई. १९२८ मध्ये नाशिकला सरकारी छापखाना सुरू झाल्यावर ती टप्प्याटप्प्याने येथे आली. रिझर्व्ह बँकेची पहिली नोट १९३८ मध्ये निघाली, पाच रुपयांची. तिच्यावर सहाव्या जॉर्जचे चित्र होते. फाळणीनंतरही काही काळ हेच चलन दोन्ही देशांत चालले. एप्रिल १९४८ पासून पाकिस्तानात आलेल्या, नाशिकला छापलेल्या नोटांवर राजाचे चित्र, रिझर्व्ह बँकेचे नाव आणि इंग्रजी व उर्दूत पाकिस्तान सरकारचा उल्लेख, असे तिन्ही एकत्र आढळते.