उबदार सकाळ

आपल्याकडे थंडी पडली की हुरडा आणि शेकोटी आठवते. थंडीनं माणसं मरतात, हे मलाही कधी नीटसं उमगलं नव्हतं. अमेरिकेतल्या एका हिमवादळाची हकिगत वाचली आणि ते उमगलं.

तारीख होती १२ जानेवारी १८८८. नेब्रास्का आणि डकोटाच्या माळरानावर काही दिवस कडाका होता. त्या सकाळी मात्र हवा उबदार झाली. मुलं जाड कोट न घालताच शाळेत गेली, शेतकरी गुरं घेऊन बाहेर पडले. आणि भर दिवसा वादळ कोसळलं. पिठासारखा बारीक बर्फ. पुढचं पाऊल दिसेना. सुमारे २३५ माणसं दगावली, असा अंदाज आहे. त्यांत शाळकरी मुलं पुष्कळ. म्हणून ते ‘शाळकरी मुलांचं हिमवादळ’ म्हणूनच ओळखलं जातं.

नेब्रास्कातल्या मिनी फ्रीमन या तरुण शिक्षिकेच्या शाळेचं छप्पर उडालं. मुलांना घेऊन ती एका शेतघरापर्यंत पोचली; सगळी वाचली. त्याच राज्यात लोइस रॉइस हिच्या शाळेतलं जळण संपलं. तीन मुलांना घेऊन ती निघाली. मुक्कामाचं घर दोनशे पावलांच्या आत होतं, पण वाट चुकली. रात्र उघड्यावर गेली. तिन्ही मुलं गेली. तिचे पाय कापावे लागले.

दोघींच्या धैर्यात मला डावं-उजवं करता येत नाही. उणं होतं ते जळण आणि वेळेवर मिळणारी सूचना. हवामानाचा अंदाज तेव्हा लष्कराचं सिग्नल खातं तारेनं कळवी. जिथं तारच नाही, त्या शेतावर कोण सांगणार?

आज इशारा खिशातल्या फोनवर येतो. तो ऐकायचा की नाही, हे आपल्या हाती. माझा पुतण्या मिनेसोटात असतो. दर हिवाळ्यात मी त्याला विचारतो : घरात चार दिवसांचं खाणं, पाणी, औषधं आहेत ना? गाडीत घोंगडी ठेवलीस? गाडी बर्फात अडकली तर ती सोडून चालत निघू नकोस. इंजिन लावण्याआधी धुराच्या नळीवरचा बर्फ काढ. आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीही नको.

तो हसतो. म्हणतो, ‘‘काका, आज तर इथं छान ऊन पडलंय!’’

मी म्हणतो, ‘‘म्हणूनच विचारतोय.’’