तीनशे सेकंद कशासाठी?

श्रोतेहो, इतिहास शिकवणाऱ्या माणसाने संगणकावर बोलावे, हे तुम्हाला जरा विचित्र वाटेल. पण मागल्या पावसाळ्यात एका रविवारी माझा एक जुना विद्यार्थी सरावलीला माझ्या घरी आला. बोईसरहून रोज गाडी पकडून मुंबईला नोकरीला जाणारा, संगणकाच्या खात्यातला हा मुलगा. चहा होईपर्यंत त्याने दोन छापील कागद माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाला, "सर, तुम्ही जुने कागद वाचता ना? मग हे जरा वाचा. यातलं अस्सल किती नि मागून लिहिलेलं किती, ते सांगा."

त्या दोन कागदांची हकिकत आज तुमच्यापुढे ठेवायची आहे.

पहिला कागद म्हणजे यंत्राला दिलेल्या हुकमांची यादी. हिला ती मंडळी 'स्क्रिप्ट' म्हणतात. तीत लिहिले होते ते साध्या मराठीत असे: रात्री बारा वाजले की तीनशे सेकंद थांब, मग नोंदी घेणारे यंत्र बंद कर, त्याच्या साठवणीची नक्कल घे, नक्कल पुरी झाली का पाहा, झाली असेल तर दिवसाचा हिशेब सुरू कर, नसेल तर अमक्याला निरोप धाड. बस्स, एवढेच. यंत्राला एवढे पुरते. हुकूम का दिला, हे ते कधी विचारत नाही.

दुसऱ्या कागदाला म्हणतात 'रनबुक'. आपण त्याला कामाची पोथी म्हणू. हे काम केव्हा करायचे, कोणाच्या परवानगीने, आधी काय पाहून घ्यायचे, कोणत्या पायरीनंतर कोणती, आणि मध्येच बिघडले तर मागे कसे यायचे, हे सारे तीत माणसासाठी लिहिलेले असते. जुन्या संगणकगृहांत अशी वही चालकाच्या हाताशी असे. आपल्याकडे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफ्रॅक' हा देशी बांधणीचा संगणक १९६० साली चालू झाला आणि १९६४ साली तिथे सीडीसी ३६०० हे मोठे विलायती यंत्र आले. त्या काळी फिती चढवायला, कामे ओळीने लावायला माणसे लागत. पुढे यंत्रेच हुकमांची यादी वाचून आपले काम आपण करू लागली. वही मागे पडली, यादी उरली.

आज गंमत अशी झाली आहे की, उरलेल्या यादीवरून वही परत लिहून काढायची वेळ आली आहे. का, ते सांगतो. माझ्या विद्यार्थ्याच्या कचेरीतली यंत्रे आता कचेरीत नाहीत. ती मोठ्या कंपन्यांच्या संगणकगृहांत भाड्याने घेतलेली आहेत. या व्यवस्थेला 'क्लाउड' म्हणतात. नावाने ढग असला तरी तो जमिनीवरच आहे: मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे, मुंबई आणि चेन्नई इथे, आणि ॲमेझॉनने २०१६ साली मुंबईत अशी केंद्रे उघडली. या दोन्ही कंपन्यांच्या सेवेत कामाची पोथी पायऱ्यापायऱ्यांनी लिहून ठेवता येते, आणि गरज पडली की तीच पोथी यंत्र स्वतः चालवते. कोणी चालवली, केव्हा चालवली, कुठल्या पायरीवर अडली, याची नोंद राहते. पण जुन्या स्क्रिप्टा? त्या दहा जणांच्या दहा पेट्यांत, आणि लिहिणारे बहुतेक नोकरी सोडून गेलेले. तेव्हा स्क्रिप्ट वाचून पोथी तयार करणारे कार्यक्रमच आता निघाले आहेत.

हे कार्यक्रम काम कसे करतात? आपण शाळेत वाक्याचे पृथक्करण करत होतो ना, अगदी तसे. हुकमातले क्रियापद कोणते, कर्म कोणते, हे आधी वेगळे करायचे. एका हुकमातून निघालेली वस्तू पुढच्या कोणत्या हुकमाला लागते, ते पाहून आधी-नंतरचा क्रम बांधायचा. जिथे 'तर' आणि 'नाहीतर' आले, तिथे वाटेला फाटा काढायचा. ओळीत लपवलेला परवलीचा शब्द सापडला तर तो बाहेर काढून कुलपात ठेवायचा. शेवटी प्रत्येक पायरीला नाव द्यायचे आणि खाली दोन ओळींचा खुलासा लिहायचा.

इथवर मला सगळे ओळखीचे वाटले. कारण, मंडळी, आमचा धंदा याहून निराळा नाही! १८१८ साली पेशवाई बुडाली आणि तिचे दप्तर इंग्रजांच्या हाती आले. हजारो रुमालांत बांधलेले मोडी कागद पुण्याच्या पेशवे दप्तरात आजही आहेत. त्यात आज्ञा आहेत, सनदा आहेत, रोजकीर्दी आहेत. अमक्या कमाविसदाराने अमुक करावे, हा हुकूम आहे. पण राज्य चालते कसे, हे सांगणारी पोथी त्यात सहसा नाही. ती हुकमांवरूनच उभी करावी लागते. डॉ. सुरेंद्रनाथ सेन यांनी मराठ्यांच्या राज्यव्यवस्थेवरचा आपला ग्रंथ १९२३ साली काढला, तो मुख्यतः अशा कागदांच्या आधाराने. रियासतकार सरदेसायांनी १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत या दप्तरातले वेचे ४५ खंडांत छापले, तेव्हा आम्हा लोकांना चणे खायला मिळाले. एरव्ही आम्ही फुटाणेच चघळत होतो.

पण सेनांच्या शंभर वर्षे आधी आणखी एकाने हेच काम केले होते. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने पेशव्यांच्या जिंकलेल्या मुलखाविषयीचा आपला अहवाल १८१९ च्या ऑक्टोबरात लिहिला. त्याने नुसते कागद चाळले नाहीत. जिल्ह्याजिल्ह्यांवर नेमलेल्या कलेक्टरांकडून माहिती मागवली, आणि जुन्या राजवटीत काम केलेली माणसे तेव्हा हयात होती. त्याचा दृष्टिकोन जेत्याचा होता, हे विसरून चालणार नाही. तरी एक गोष्ट त्याच्या पदरात पडली, जी सेनांना मिळणे शक्यच नव्हते: 'हे असं का?' असे ज्याला विचारता येईल, असा जिवंत माणूस.

आता त्या दुसऱ्या कागदाकडे वळू. कार्यक्रमाने पहिल्या पायरीखाली लिहिले होते: 'तीनशे सेकंद थांबा. यंत्रावरील भार उतरून ते स्थिर व्हावे म्हणून हा अवकाश आहे.' वाक्य नेटके. कोणालाही पटावे असे. मी विचारले, "अरे, हे कारण यादीत कुठे आहे?" तो म्हणाला, "तेच तर, सर! कुठेच नाही. यंत्राने ते मनाने घातलंय. आणि आमचे साहेब म्हणतात, नवी यंत्रं जलद आहेत, तीनशेचे तीस करा."

बघा हं, घोटाळा इथे आहे. 'तीनशे सेकंद थांब' हा अस्सल कागद. 'स्थिर व्हावे म्हणून' ही बखर! मल्हार रामराव चिटणीसांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शिवछत्रपतींचे चरित्र लिहिले, म्हणजे घडल्या गोष्टीला सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर. बखर वाचू नये असे मी म्हणत नाही. पण बखरीतले कारण आणि समकालीन पत्रातला हुकूम एकाच शाईत, एकाच ओळीत छापले, तर वाचणाऱ्याने ओळखायचे कसे? नव्या पोथ्यांत नेमके हेच होते. जे वाचले ते आणि जे तर्काने भरले ते, दोन्ही एकाच सुरात बोलतात.

कारण लिहून ठेवण्याची परंपरा आपल्याकडे नव्हती, असेही नाही. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळचा म्हणून ओळखला जाणारा 'कानूजाबता' पाहा. त्यात कोणत्या प्रधानाने काय करावे, एवढेच थोडक्यात आहे. याउलट १७१६ च्या सुमाराचे रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' घ्या. आरमाराच्या लाकडासाठी रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, असा त्यात नियम आहे. पण पंत तिथे थांबत नाहीत. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, असे कारण ते देतात. आणि एखादे झाड अगदी जुने होऊन निकामी झाले असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे, अशी वाटही ठेवतात. नियम, कारण आणि अपवाद, तिन्ही जागच्या जागी. पोथी असावी तर अशी!

आमच्या सरावलीपासून तारापूरचे अणुवीज केंद्र फार लांब नाही. १९६९ साली ते सुरू झाले. अशा ठिकाणी काम लेखी पद्धतीबरहुकूम चालते, आणि ती पद्धत बदलायची तर आधी तपासून मंजुरी घ्यावी लागते. शेजारच्या औद्योगिक वसाहतीतल्या रसायनांच्या कारखान्यातही, 'अमुक वेळ थांबा' या ओळीमागे काय आहे ते न जाणता वेळ कमी करणे, म्हणजे जिवाशी खेळ.

विद्यार्थ्याला मी एवढेच म्हटले, "एल्फिन्स्टन हो. माणूस अजून आहे ना? मग त्याला विचार."

स्क्रिप्ट लिहिणारा गृहस्थ दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेला होता. फोनवर तो आधी हसला. मग म्हणाला, यंत्राच्या वेगाशी त्याचा काडीचा संबंध नाही. दोन दूरच्या शाखांच्या दिवसाच्या शेवटच्या नोंदी बाराच्या ठोक्याला निघतात आणि पोहोचायला तीन-चार मिनिटे घेतात. त्या येईपर्यंत दार उघडे ठेवायचे, म्हणून तीनशे सेकंद. तीस केले असते तर यंत्र कुठेही अडले नसते, तक्रारही केली नसती. फक्त रोज रात्री कोणाकोणाचे भरलेले पैसे त्या दिवसाच्या हिशेबातून गळले असते.

पुढच्या रविवारी तो दुरुस्त केलेली पोथी घेऊन आला. प्रत्येक पायरीखाली आता दोन वेगळे रकाने होते: 'यादीत आहे ते' आणि 'कारण, व ते कोणी सांगितले'. पहिल्या पायरीपुढे त्या गृहस्थाचे नाव आणि फोन केल्याची तारीख होती. पाचव्या पायरीपुढे मात्र लिहिले होते: 'कारण मिळाले नाही. विचारल्याशिवाय बदलू नये.'

त्या ओळीखाली मी, सवयीने, पेन्सिलीची एक रेघ ओढली.