इरावतीबाईंनी मोजलेल्या कवट्या

नागलीची टपोरी कणसं आपण बियाण्याला वेगळी काढतो. निसर्गातही अशी निवड आपोआप होत असते, असं डार्विनने १८५९ मध्ये मांडलं. त्याच्या नात्यातला गाल्टन म्हणाला, मग माणसांचीही निवड करू! हेच ते सुप्रजनन.

यात डार्विनचा दोष किती? थोडा आहेच. १८७१ च्या पुस्तकात त्यानेही दुबळ्यांच्या संततीची तुलना गुरांच्या पैदाशीशी केली. पण त्यांची मदत थांबवा, असं तो म्हणाला नाही.

पुढे बर्लिनचे प्राध्यापक ऑयगेन फिशर मानत, की गोऱ्यांची कवटी दोन्ही बाजूंनी सारखी नसते, म्हणून ते हुशार. हे तपासायचं काम १९३० च्या सुमारास आलं आपल्या इरावती कर्वे यांच्याकडे. परका मुलूख, समोर गुरू. बाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि लिहिलं, वंशाचा याच्याशी संबंध नाही.

तरी १९३३ मध्ये जर्मनीत सक्तीच्या नसबंदीचा कायदा झालाच. सुमारे चार लाख माणसं त्यात भरडली.

जव्हार-मोखाड्यात 'आदिवासींचं रक्तच तसलं' असं कुणी बोललं, की आम्ही विचारतो, मोजलंत का?