संगणकाच्या पेटींतील गाण्याची तार

संगणक हें मुळांत आंकडेमोडीचें यंत्र. त्याला गोड गळा असावा अशी अपेक्षा त्याच्या कर्त्यांनीं बाळगली नव्हती. १९८१ सालीं आय.बी.एम. कंपनीनें जो वैयक्तिक संगणक बाजारांत आणला, त्याच्या पोटांत एक लहानसा स्पीकर होता खरा. पण 'पीं' असा एकेरी स्वर काढण्यापलीकडे त्याची फारशी मजल जात नसे. पुढच्याच वर्षीं, म्हणजे १९८२ सालीं, फिलिप्स व सोनी या कंपन्यांनीं मिळून सिद्ध केलेली कॉम्पॅक्ट डिस्क प्रथम जपानांत विक्रीस आली. ह्या दोन नव्या वस्तु पुढें एकाच पेटींत नांदूं लागल्या, आणि गाण्यापुरता त्यांचा संसार जुळविण्याचें काम एका बारीक तारेकडे आलें. सीडी-रॉम ड्राइव्हच्या पाठीपासून साउंड कार्डापर्यंत जाणारी ती ही तार.

वरवर पाहतां या तारेची कांहींच गरज नव्हती. कॉम्पॅक्ट डिस्कवर ध्वनि असतो तो अंकांच्याच रूपानें. डाव्या व उजव्या कानासाठीं वेगवेगळें असें सेकंदास ४४,१०० वेळां ध्वनीचें माप घेऊन तें तेथें नोंदलेलें असतें. प्रत्येक मापास दोन बाइट, म्हणजे सेकंदास एकंदर १,७६,४०० बाइट. अंक हें तर संगणकाचें अन्न! त्यानें ते वाचावे आणि साउंड कार्डाच्या हवालीं करावे, इतकी ही साधी गोष्ट वाटते. परंतु १९९१ च्या सुमारास कांहीं कंपन्यांनीं एकत्र येऊन 'मल्टिमीडिया पीसी' या नांवानें जें किमान प्रमाण ठरविलें, त्यांतील आंकडे पाहिले म्हणजे अडचण ध्यानांत येते. १६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २ मेगाबाइट स्मृति आणि ३० मेगाबाइटची हार्ड डिस्क! असली हार्ड डिस्क गाण्यानें भरूं लागलें तर तीन मिनिटांच्या आंतच तुडुंब व्हावी. सेकंदास १५० किलोबाइट माहिती पुरवितांना ड्राइव्हनें प्रोसेसरची शेंकडा ४० हून अधिक शक्ति खाऊं नये, असाही नियम त्यांत घालावा लागला. अशा यंत्रानें संगीताचा लोंढा क्षणाचाही खंड न पडूं देतां वाहून न्यावा आणि त्याच वेळीं पडद्यावर चित्रेंही हलवावीं, ही अपेक्षा अवास्तव होती.

तेव्हां युक्ति निघाली ती अशी. सीडी-रॉम ड्राइव्ह हा स्वतःच एक पुरा वादक होता. अंकांचें रूपांतर करून त्यांतून ध्वनीची विद्युत्-लहर काढणारें साधन त्याच्या पोटांत असे, आणि कानाला लावावयाच्या हेडफोनसाठीं तोंडाशीं एक भोंकही असे. संगणकानें केवळ आज्ञा द्यावी, 'चौथें गाणें वाजीव'. पुढचें सर्व काम ड्राइव्हनें करावें, आणि तयार ध्वनि तारेवाटे थेट साउंड कार्डाकडे धाडावा. साउंड कार्डानें आपल्या इतर आवाजांत तो मिसळून बाहेरच्या स्पीकरांस द्यावा. प्रोसेसरला त्यांतला एक स्वरही कळत नसे. गाण्याची बैठक घरांत रंगावी आणि यजमानानें मात्र ओटीवर पानसुपारीची व्यवस्था पाहत बसावें, तशांतला हा प्रकार होता. लोक म्हणत, 'संगणक छान गातो!'

ही तार म्हणजे वस्तुतः डाव्या कानाची एक, उजव्या कानाची एक आणि ग्राउंडच्या दोन, अशा चार तारांची जुडी. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीनें १९८९ सालीं 'साउंड ब्लास्टर' हें कार्ड काढल्यावर साउंड कार्डांचा प्रसार झपाट्यानें झाला. पण आरंभीं प्रत्येक कारखानदाराची खिळ्यांची मांडणी निराळी. एकाची तार दुसऱ्याच्या कार्डास बसत नसे, किंवा बसली तरी एकच कान वाजे. पुढें सर्वमान्य असा चार खिळ्यांचा जोड रूढ झाला, तरी सुटे भाग आणून संगणक जुळविणारास, मग तो कोठल्याही देशांतला असो वा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा असो, ही तार हटकून विसरावयास होई. कारण तिच्यावांचून कांहींच अडत नसे. संगणक चालू होई, तबकडी फिरे, पडद्यावर सेकंदांचे आंकडे सरकत. फक्त गाणें तेवढें ऐकूं येत नसे. अनुभवी कारीगर अशा वेळीं ड्राइव्हच्या तोंडाशीं हेडफोन लावून पाही. तेथें गाणें ऐकूं आलें, तर दोष तारेंत किंवा कार्डाच्या मिसळणींत, हें ठरलेंच.

१९९६ सालच्या 'क्वेक' या खेळाच्या तबकडीवर पहिल्या भागांत खेळ होता आणि पुढें नाइन इंच नेल्स या अमेरिकन वाद्यवृंदाचें संगीत साध्या गाण्यांच्या रूपानें नोंदलेलें होतें. तार जोडलेली नसेल तर बंदुकांचे बार व राक्षसांच्या डरकाळ्या यथास्थित ऐकूं येत, आणि संगीत मात्र मुळींच नाहीं. असें संगीत खेळांत होतें हेंच कित्येक खेळाडूंस ठाऊक झालें नसेल!

पुढें प्रोसेसर वेगवान् झाले, पीसीआयसारखे रुंद मार्ग आले, आणि अंकच उचलून नेणें शक्य झालें. तेंही सुखासुखी झालें नाहीं. माहितीच्या तबकडीवर प्रत्येक २,०४८ बाइटांच्या तुकड्यास नेमका पत्ता जोडलेला असतो. गाण्याच्या तबकडीवर सेकंदास असे ७५ तुकडे असले तरी त्यांचा पत्ता तितका काटेकोर नसतो. ड्राइव्ह थोडा अलीकडे किंवा पलीकडे उतरे आणि गाण्यांत खडा लागल्यासारखें होई. एकच भाग पुनः पुनः वाचून सांधे जुळविणारे प्रोग्रॅम लिहिले गेले, तेव्हां हें काम मार्गास लागलें. २००१ च्या विंडोज एक्स.पी. मध्यें अंकीय वाचन हीच रूढ रीति झाली. मागाहून आलेल्या साटा जातीच्या ड्राइव्हांच्या पाठीवर तर तो चार खिळ्यांचा जोड बहुधा नसतोच.

तार गेली, पण तिच्या भरंवशावर लिहिलेले खेळ राहिले. डॉसच्या काळांतले हे खेळ आजही ड्राइव्हला थेट 'वाजीव' म्हणून सांगतात. नवा ड्राइव्ह ती आज्ञा पाळूनही त्याचा आवाज कोठेंच पोंचत नाहीं. म्हणून २००२ पासून प्रचारांत आलेल्या डॉसबॉक्स या प्रोग्रॅमांत सबंध तबकडीची प्रतिकृति फाइल म्हणून ठेवतां येते. ड्राइव्ह काल्पनिक, साउंड कार्ड काल्पनिक, आणि त्यांच्यामधली तारही काल्पनिकच. खेळास हा फरक कळत नाहीं, आणि तो आपलें चौथें गाणें मागून घेतो.