ट्यूनर, गिटारचा

गिटार वा बास गिटार ह्या वाद्यांच्या तारा प्रमाण स्वराशी जुळल्या आहेत की नाहीत, हे डोळ्यांना दाखविणारे उपकरण. वाद्य आणि ध्वनिवर्धक यांना जोडणाऱ्या तारेच्या मार्गात जमिनीवर ठेवून पायाने चालविला जाणारा त्याचा प्रकार ‘पेडल ट्यूनर’ ह्या नावाने ओळखला जातो. हे उपकरण विसाव्या शतकाच्या अखेरचे असले, तरी ज्या अचूकतेचा दावा त्यावर छापलेला असतो, तिचा इतिहास तीनशे वर्षांचा आहे.

त्या इतिहासाचा आरंभ तंतुवाद्य वाजविणाऱ्याच्याच हातून झाला. इंग्लंडच्या राजदरबारातील तुतारीवादक व ल्यूटवादक जॉन शोअर याने १७११ मध्ये नादकाटा (स्वरकाटा) तयार केला. ल्यूट लावण्यासाठी तो हा काटा जवळ बाळगी. तोपर्यंत वापरात असलेली स्वरशिटी श्वासाच्या जोराने आणि हवेच्या उष्णतेने चढे-उतरे. पोलादी काटा त्यामानाने स्थिर राही. मात्र प्रत्येक गावचा काटा वेगळा असे. एक काटा दुसऱ्याहून नेमका किती चढा, हे सांगण्याचे साधन नव्हते.

ही उणीव भरून काढली ती क्रेफेल्ट येथील रेशमाचे कारखानदार योहान हाइन्रिख शाइब्लर (१७७७–१८३७) यांनी. जवळजवळ सारख्या कंप्रतेचे (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्येचे) दोन नाद एकत्र ऐकले, तर आवाज लयीत लहानमोठा होतो. ह्या चढउतारांना विस्पंद म्हणतात आणि त्यांची दर सेकंदाची संख्या दोन कंप्रतांमधील फरकाएवढीच असते. शाइब्लर यांनी लगतच्या दोघांत सेकंदास चार विस्पंद पडतील असे ५६ काटे एका सप्तकात बसविले. ५५ अंतरे प्रत्येकी चारची, म्हणजे एकूण २२०. आणि सप्तकाच्या दुसऱ्या टोकाची कंप्रता पहिल्याच्या दुप्पट असल्याने खालचा स्वर २२० व वरचा ४४० असे गणित निव्वळ मोजणीने सुटले.  १८३४ मध्ये श्टुटगार्ट येथील शास्त्रज्ञांच्या परिषदेत त्यांनी ‘ए’ स्वरासाठी ४४० ही कंप्रता सुचविली.

ती लगेच सर्वमान्य झाली नाही. फ्रान्सने १८५९ मध्ये ४३५ हा आकडा कायद्याने ठरविला. त्यासाठी नेमलेल्या समितीत रोस्सीनी व बेर्लिओझ यांच्यासारख्या संगीतकारांबरोबर भौतिकीविज्ञ लिसाझू हेही होते. काटा तापला की उतरतो, म्हणून १५° से. हे तापमानही त्यात नमूद केले होते. १९३९ मधील लंडनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत अखेर ४४० वर एकमत झाले. ४३९ ही मूळ संख्या असल्याने विद्युत् मंडलांनी ती निर्माण करणे गैरसोयीचे होते. उलट ४४० हा आकडा १० लाख कंपनांच्या स्फटिकापासून साध्या भागाकार-गुणाकाराने मिळतो आणि बीबीसीने आपला प्रमाण स्वर तसाच प्रसारित केला. पुढे आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९५५ मध्ये शिफारस म्हणून व १९७५ मध्ये मानक म्हणून हाच आकडा स्वीकारला.

ट्यूनरवरील ‘सेंट’ हे एकक इंग्रज अभ्यासक अलेक्झांडर एलिस (१८१४–९०) यांनी १८८५ च्या सुमारास रूढ केले. सप्तकाचे बारा समान भाग केल्यावर त्यांतील एका भागाचा शंभरावा अंश म्हणजे एक सेंट. येथे एक गोष्ट सहसा नजरेआड होते. ट्यूनर ज्या सप्तकाशी तार ताडून पाहतो, ते समविभागी असते. कानाला नैसर्गिक वाटणारे नसते. त्यातील शुद्ध गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सु. १४ सेंट चढा असतो. महाराष्ट्रात हाच प्रश्न हार्मोनियमच्या संदर्भात कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवरील आपल्या १९१० मधील इंग्रजी ग्रंथात उपस्थित केला होता. गिटारचे पडदे समविभागी अंतरांवर कायमचे ठोकलेले असल्यामुळे वादकाला ही तडजोड टाळता येत नाही. ‘ई मेजर’ हा स्वरसंघ गोड लागावा म्हणून तिसरी तार किंचित उतरविली, की ‘सी मेजर’ स्वरसंघातला पंचम उतरतो.

डोळ्याने स्वर जुळविण्याचे पहिले यशस्वी व्यापारी यंत्र म्हणजे अमेरिकेतील एल्कहार्ट येथील कॉन कंपनीचे ‘स्ट्रोबोकॉन’ (१९३६). ठरावीक वेगाने फिरणाऱ्या पट्टेदार तबकडीमागे वाद्याच्या स्वराबरोबर लुकलुकणारा दिवा असे. स्वर जुळला की पट्टे स्थिर भासत. चढा असेल तर एका दिशेने आणि उतरा असेल तर उलट दिशेने सरकत. फरक जितका कमी तितकी गती मंद, त्यामुळे सेंटाचा अंशही नजरेला पडे. अमेरिकेतीलच पीटरसन कंपनीने १९६७ मध्ये ह्याच तत्त्वावरील आपले यंत्र बाजारात आणले. ही यंत्रे कारागीर, पियानो जुळविणारे आणि मोठी वाद्यवृंद पथके यांच्याकडेच असत.

विजेच्या गिटारने गरज बदलली. १९५१ मध्ये फेंडर कंपनीने पडदे असलेला बास आणला, तेव्हा त्याचे नावच ‘प्रिसिजन’, म्हणजे अचूक, असे ठेवले. परंतु पडदे अचूक असले तरी तार जुळलेली हवी. आणि ढोल-ताशांच्या गजरात तंबोरा लावणे जसे अशक्य, तसेच प्रचंड ध्वनिवर्धकांपुढे वादकाला आपली तार ऐकू येईना. जपानमधील कॉर्ग कंपनीचा हातात मावणारा सुईचा ट्यूनर १९७५ मध्ये निघाला. वाजणारा स्वर आपोआप ओळखणारा बॉस कंपनीचा ‘टीयू–१२’ १९८३ चा. त्याच कंपनीच्या १९९८ मधील ‘टीयू–२’ ने ट्यूनर पायाखाली आणला. खटका दाबताच आवाज बंद होतो आणि तारा श्रोत्यांच्या नकळत जुळविता येतात. पीटरसनच्या ‘स्ट्रोबोस्टॉम्प’ने (२००४) स्ट्रोबोस्कोपचे पट्टे पडद्यावर संगणनाने उमटविले, तर टीसी इलेक्ट्रॉनिकच्या ‘पॉलीट्यून’ने (२०१०) सर्व तारा एकाच झंकारात तपासल्या.

सध्याच्या पेडलांवर अचूकतेचे दोन स्तर आढळतात : सामान्य प्रकारात सु. १ सेंट व स्ट्रोबोस्कोपी प्रकारात ०·१ सेंट. आकडा लहान तितका ट्यूनर चांगला, ही समजूत अर्धसत्य आहे. ४४० च्या स्वरात १ सेंट म्हणजे चार सेकंदांत एक विस्पंद; चालू वादनात तो जाणवत नाही. शिवाय तार जोराने छेडली, तर ती आरंभी काही सेंट चढते व मग उतरते. त्यामुळे रंगमंचासाठी चटकन स्थिरावणारा, प्रखर प्रकाशातही वाचता येणारा १ सेंटाचा ट्यूनर पुरेसा असतो. ०·१ सेंटाची खरी उपयुक्तता घोडीवरील आधार मागेपुढे सरकवून बाराव्या पडद्यावरचा स्वर मुक्त तारेशी नेमका जुळविताना दिसते, कारण तेथे राहिलेली चूक प्रत्येक पडद्यावर उमटते. संदर्भ स्वराकडे होणारे दुर्लक्ष याहून घातक होय. बोटाच्या चुकीच्या दाबाने तो ४४० वरून ४४२ झाला, तर सर्वांत महाग ट्यूनरही वादकाला इतरांपेक्षा सु. ८ सेंट चढा ठेवतो.

बासच्या बाबतीत मात्र निवड अधिक काळजीने करावी लागते. त्याच्या खालच्या ‘ई’ तारेची कंप्रता ४१·२ असते. तेथे १ सेंट म्हणजे सेकंदास एका कंपनाचा सु. बेचाळिसावा भाग, केवळ विस्पंद मोजून तो ओळखायचा तर पाऊण मिनिट लागेल. पाच तारांच्या बासवरील ‘बी’ तार तर ३०·८७ पर्यंत उतरते. अशा तारेत मूळ स्वरापेक्षा वरचे उपस्वर प्रबळ असल्याने साध्या ट्यूनरची सुई भरकटते. वरच्या उपस्वरांवरून निर्णय करणारे स्ट्रोबोस्कोपी पेडल येथे सरस ठरते. तसे पेडल नसल्यास बाराव्या पडद्यावर बोट हलके टेकवून निघणारा एक सप्तक वरचा स्वर ट्यूनरला ऐकविणे, हा वादकांत रूढ असलेला उपाय आहे. तार अंगठ्याने, मानेजवळ आणि हळू छेडल्यास सुई लवकर स्थिर होते.