डिप्रेशन परत येऊ नये म्हणून 'सजगतेचा' उपचार

थळ (ता. अलिबाग) : डिप्रेशन म्हणजे उदासीनतेचा आजार. औषधाने माणूस बरा होतो, कामाला लागतो. पण बऱ्याच जणांना तो पुन्हा गाठतो. जितक्या वेळा येऊन गेला, तितकी परत येण्याची भीती जास्त. ते टाळण्यासाठी सजगतेवर आधारित मानसोपचार आहे. डॉक्टर त्याला 'एमबीसीटी' म्हणतात.

सुरुवात : झिंडेल सीगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीसडेल या मानसशास्त्रज्ञांनी तो तयार केला. २००० साली त्यांचा १४५ जणांवरचा अभ्यास आला. तीन किंवा जास्त वेळा आजार झालेल्यांपैकी नेहमीच्या उपचारावरच्या ६६ टक्के लोकांना तो परत झाला. हा उपचारही घेतलेल्यांत प्रमाण ३७ टक्के होते. दोनदाच झालेल्यांना मात्र फायदा दिसला नाही.

काय शिकवतात : आठ आठवडे, आठवड्याला एक वर्ग, साधारण दोन तासांचा. रोज घरी सराव. पहिल्या वर्गात एक मनुका हातात देतात. ती बघून, हुंगून, सावकाश चावून खायची. लक्ष समोरच्या गोष्टीवर आणायची ही सवय.

समजा, १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीत होडी किनाऱ्याला आहे. झोप मोडते, जाळं शिवायला हात उचलत नाही. 'आपल्याच्याने काही व्हायचं नाही' असं मनात येतं आणि मन त्याच्यामागे धावतं. तेव्हा श्वासाकडे लक्ष आणून 'हा नुसता विचार आहे, खरी गोष्ट नाही' हे वेळीच ओळखायचं.

गोळ्यांचं काय : २०१५ साली ब्रिटनमधला ४२४ जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन वर्षांत हा उपचार घेऊन गोळ्या कमी किंवा बंद करणाऱ्यांपैकी ४४ टक्के, तर गोळ्या चालू ठेवणाऱ्यांपैकी ४७ टक्के लोकांना आजार परत झाला. म्हणजे जवळपास सारखंच. पण गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी केल्या होत्या. बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करू नयेत.

विपश्यना वेगळी : इगतपुरीच्या धम्मगिरीसारख्या केंद्रातलं दहा दिवसांचं मौन शिबिर म्हणजे हा उपचार नव्हे. आजार अंगावर असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये.

कुठे विचारावे : हे वर्ग सगळीकडे नसतात. आधी अलिबागच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात दाखवावे किंवा 'टेलिमानस'च्या १४४१६ वर फोन करावा. सेवा मोफत, चोवीस तास. मराठीत बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर त्या माणसाला एकटं सोडू नये, लगेच दवाखान्यात न्यावं.